आठवड्याची कीर्द

जँगोच्या कामाच्या नोंदींत ३७३ नंबरचं एक तिकीट आहे. जँगो सगळ्यांसाठी खुलं झालं त्याच वर्षी, २००५ मध्ये, ते कुणीतरी उघडलं. बंद झालं २०२४ संपता संपता. मधल्या एकोणीस वर्षांत कोणी त्याला हात घातला, कोणी अर्ध्यावर सोडलं, कोणता पॅच आला आणि पडून पडून जुना झाला, हे सगळं त्या तिकिटाखाली तारीखवार लिहिलेलं आहे. मी ते पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा कोर्टातली एखादी जुनी फाइल वाचावी तसं वाटलं. फरक एवढाच, की इथे भांडणारे सगळे एकाच बाजूचे होते.

मागणी साधी होती. डेटाबेसातल्या प्रत्येक नोंदीला तिची स्वतःची ओळख लागते, आणि जँगो ती ओळख एकाच रकान्यात मागायचं. व्यवहारात मात्र कितीतरी गोष्टींची ओळख एका रकान्यात मावत नाही. सातबाऱ्याचंच घ्या. गट नंबर २१४ म्हटल्याने जमीन कळत नाही, कारण तो नंबर कितीतरी गावांत असणार. गाव आणि गट नंबर मिळून ती जमीन ठरते. दोहोंतलं एक काढलं की दुसऱ्याचा उपयोग नाही. डेटाबेसला हे पहिल्यापासून समजत होतं. जँगोला समजत नव्हतं. म्हणून आम्ही सगळे प्रत्येक नोंदीला एक बिनअर्थाचा अनुक्रमांक चिकटवायचो, वर ‘ही जोडी पुन्हा येता कामा नये’ अशी अट घालायचो आणि काम भागवायचो.

भागत होतं, हेच एकोणीस वर्षं लागण्याचं एक कारण. दुसरं कारण खोलातलं होतं. ‘ओळख म्हणजे एक रकाना’ हे गृहीत जँगोच्या प्रत्येक मजल्यावर भरलेलं होतं. एका तक्त्याचं दुसऱ्याशी नातं जोडताना तेच, फॉर्म भरताना तेच, ॲडमिनच्या पानाचा पत्ता तयार करताना तेच. आढ्याखालचा मुख्य खांब बदलायचा तर आधी ठिकठिकाणी टेकू द्यावे लागतात. ते टेकू म्हणजे छोटी छोटी तिकिटं. दोन रकान्यांची जोडी दुसऱ्या जोडीशी कशी ताडायची, यासारखी. प्रत्येक टेकू कुठल्या ना कुठल्या आठवड्याच्या नोंदीत एका ओळीपुरता येऊन गेला आहे. शेवटी गूगल समर ऑफ कोडच्या २०२४ च्या हंगामात एका योगदानकर्त्याने, दोन जाणत्यांच्या देखरेखीखाली, खांब बदलला. २ एप्रिल २०२५ ला आलेल्या ५.२ या आवृत्तीत तो सगळ्यांच्या हाती आला.

आवृत्ती आली की बातमी होते. टेकूंची बातमी होत नाही. पुढच्या पानांतली टिपणं त्या टेकूंची आहेत.

ज्यांनी जँगो वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वेबसाइट बांधताना काही कामं दर वेळी तीच असतात: लॉगिन, पासवर्ड, फॉर्ममध्ये भरलेलं तपासणं, डेटाबेसात ठेवणं, तिथून काढून पानावर मांडणं. ही कामं एकदा नीट करून ठेवलेली चौकट म्हणजे फ्रेमवर्क. जँगो पायथन भाषेतलं फ्रेमवर्क आहे. त्याचा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते बांधायला घेतलं. जेकब कॅप्लन-मॉस थोड्या काळाने आले. निवडणुकीचे निकाल, सामन्यांचे आकडे, गावातले कार्यक्रम, हे सगळं बातमीच्या वेळेला उभं करावं लागायचं. सकाळी मागितलेली गोष्ट दुपारी चालू हवी. म्हणून बातमीदाराला प्रोग्रामर न गाठता मजकूर भरता यावा असं तयार ॲडमिन जँगोत पहिल्यापासून आहे. जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून नाव पडलं. त्यातल्या पहिल्या ‘डी’चा उच्चार करत नाहीत.

जुलै २००५ मध्ये ते मुक्त परवान्याखाली खुलं झालं, २००८ च्या जूनमध्ये त्यासाठी जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं आणि त्याच सप्टेंबरात १.० आवृत्ती आली. पुढे इन्स्टाग्रामसारख्या अवाढव्य गोष्टी त्यावर उभ्या राहिल्या. हा इतिहास कुठेही मिळेल, त्यामुळे टिपणांत मी तो परत उगाळलेला नाही.

२०११ साली पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषद पुण्यात भरली तेव्हा मी नोकरीला नवीन होते. त्या वेळी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं माझ्यासाठी जँगो म्हणजे नळाचं पाणी होतं. तोटी सोडली की येतं. धरण कुठे आहे, पाटकरी कोण, याचा विचार कधी मनात आला नाही. तो आणणारा दिवस मला तारखेनिशी आठवतो.

बुधवार, १८ डिसेंबर २०१९. जँगोच्या तीन आवृत्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्ती आली: ३.०.१, २.२.९ आणि १.११.२७. पासवर्ड विसरल्यावर नवा पासवर्ड ठेवण्याची जी सोय असते, तिच्यात खोट सापडली होती. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे असल्या दुरुस्त्या ‘पुढच्या स्प्रिंटला घेऊ’ म्हणून मागे पडायच्या. त्या संध्याकाळी मी आणि माझी सहकारी मात्र मुद्दाम थांबलो. आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर २.२ होतं, खाली पोस्टग्रेस. ईमेल खरोखर न पाठवता कन्सोलवर छापायचं, अशी व्यवस्था आम्ही केलेली होती. एक खातं उघडलं, ईमेलमध्ये मुद्दाम लहान लिपीतला आय घेतला. मग ‘पासवर्ड विसरलात?’ या पानावर तोच पत्ता टाकला, फक्त आयच्या जागी तुर्की भाषेतला बिनठिपक्याचा आय.

इंग्रजी आय आणि तो तुर्की आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत, वेगळे कोड आहेत. पण मोठ्या लिपीत नेली की दोन्ही एकच होतात. जँगो पत्ता शोधताना लहान-मोठ्या लिपीचा फरक धरत नव्हतं. म्हणून डेटाबेसाने दोन्ही अक्षरं मोठी केली आणि ‘हो, हे खातं आहे’ म्हणून सांगितलं. इथवर फार बिघडलं नसतं. खरी खोट पुढच्या पायरीला होती. पत्र पाठवताना जँगो खात्यात नोंदलेला पत्ता न घेता समोरच्याने आत्ता टाइप केलेला पत्ता घेत होतं.

कन्सोलवर पत्र छापून आलं. ‘प्रति’च्या पुढे बिनठिपक्याचा आय होता, आणि खाली खऱ्या खात्याचा पासवर्ड बदलण्याची लिंक. बिनठिपक्याच्या आयचं डोमेन ज्याच्याकडे असेल त्याला ते खातं ताब्यात घेता आलं असतं. पुण्यात राहणाऱ्याला ‘ध चा मा’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. इथे तर अक्षर खोडायचीही गरज पडली नव्हती. नुसता एक ठिपका गाळला होता. सहकारी एवढंच म्हणाली, “अगं, आपल्या तीन क्लायंटांकडे हेच पान आहे.” त्या रात्री आम्ही तिन्ही ठिकाणी नवी आवृत्ती चढवून घरी गेलो.

दुरुस्ती मी दुसऱ्या दिवशी उघडून वाचली. अगदी थोडक्या ओळींची. दोन्ही पत्ते युनिकोडच्या नियमांनी पुन्हा एकदा ताडायचे आणि पत्र नेहमी डेटाबेसात असलेल्या पत्त्यावरच पाठवायचं. त्याबरोबर चाचणी लिहिलेली, तीन आवृत्त्यांमध्ये वेगवेगळी बसवलेली, कागदपत्रांत नोंद केलेली. हे कुणीतरी बसून केलं होतं. कधी केलं, किती दिवस लागले, त्या आठवड्यात त्यांनी आणखी काय काय केलं, हे शोधायला गेले आणि आठवड्याच्या नोंदींपाशी पोचले. ही टिपणं तेव्हापासूनची. बहुतेक शनिवारी सकाळी लिहिलेली. आधी फक्त माझ्यासाठी, मग टीममधल्या ज्युनिअर मुलामुलींसाठी, म्हणून मराठीत.

आठवड्याची नोंद दिसायला अगदी कोरडी असते. जँगोचं रोजचं काम पाहायला फाउंडेशनने पगारी माणसं नेमलेली आहेत, त्यांना फेलो म्हणतात. आठवडा संपला की फेलो आपल्या कामाचा हिशेब मांडतात: कोणत्या तिकिटांचा ट्रायाज केला, कोणते पॅच तपासून मर्ज केले, कोणते तपासून परत पाठवले, स्वतः काय लिहिलं. प्रत्येक ओळीत तिकिटाचा नंबर, एका वाक्यात विषय, पुढे निकाल. बस. दुकानदाराच्या कीर्दीत असतो तेवढाच मजकूर. कीर्द वाचायची सवय असलेल्या माणसाला मात्र तीच चार पानं चाळून सांगता येतं, की या महिन्यात लग्नं किती झाली आणि पाऊस कसा झाला.

पहिल्या वर्षी मी ‘मर्ज केले’ हाच भाग वाचायचे. नवीन काय आलं, एवढीच उत्सुकता. हळूहळू कळलं, की सगळ्यात दाट मजकूर ट्रायाजच्या यादीत असतो. ट्रायाज हा शब्द दवाखान्यातला. अपघात विभागात एकदम वीस माणसं आली की आधी कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाकावर बसवायचं, कोणाला मलमपट्टी करून घरी पाठवायचं, हे कुणालातरी उभ्या उभ्या ठरवावं लागतं. जँगोत आलेलं प्रत्येक तिकीट असंच आधी कुणीतरी वाचतं. ‘बग रिप्रोड्यूस होत नाहीये’ हे आपण ऑफिसात दिवसातून चार वेळा म्हणतो. इथे ते म्हणण्याआधी फेलो समोरच्याने सांगितल्याप्रमाणे कोड लिहून, चालवून पाहतात. बग खरा असला तर तो कुठल्या कमिटमुळे आला ते मागे मागे जात शोधतात आणि तिकिटाखाली लिहून ठेवतात. नवीन आवृत्तीनेच आधी चालत असलेलं काही मोडलं असेल तर त्या तिकिटाला ‘रिलीज ब्लॉकर’ असा शिक्का बसतो, आणि बाकी सगळं बाजूला ठेवून ते हातात घेतलं जातं.

मग नकार. ‘वोन्टफिक्स’ असा निकाल मिळालेली तिकिटं आठवड्यामागून आठवडे येत राहतात, आणि नव्या वाचकाला ती वाचताना थोडं लागतं. कुणीतरी उत्साहाने कल्पना मांडलेली असते, कधी कोडही लिहून आणलेला असतो, आणि उत्तर येतं: हे आम्ही करणार नाही. माझ्या टीममधली मुलं विचारायची, इतकी चांगली सोय, घ्यायला काय हरकत आहे? हरकत पुढच्या वीस वर्षांची असते. आत घेतलेली प्रत्येक ओळ पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल आणि एसक्यूलाइट, सगळीकडे चालावी लागते. पायथनची नवी आवृत्ती आली की पुन्हा पाहावी लागते. आणि आणणारा माणूस नोकरी बदलून निघून गेला तरी ती राहते. मला या नकारांत सगळ्यात आवडतं ते हे, की ते सकारण असतात. स्वतंत्र पॅकेज म्हणून हे करता येईल, तिथे रुजलं तर पुन्हा बोलू, असं सुचवलेलं असतं. निर्णय पटला नाही तर तिकीट आपणच पुन्हा उघडायचं नाही. आधी चर्चेत चार लोकांना पटवायचं, अशी रीत आहे. मी स्वतः एकदा असा नकार घेतला आहे. त्या उत्तराने माझं जितकं शिक्षण झालं तितकं कुठल्या कोर्सने झालं नाही. ते टिपण मी या संग्रहात ठेवलं आहे.

एका गोष्टीचा उलगडा इथे केला पाहिजे, कारण टिपणांत तो सुटा सुटा येतो. हे काम पगारी कसं झालं? पहिली जवळजवळ दहा वर्षं जँगो स्वयंसेवकांच्या बळावर चाललं. दिवसा नोकरी, रात्री पॅच. अशी माणसं थकतात, आणि थकली की तिकिटं साचतात. २०१३ मध्ये अँड्र्यू गॉडविन यांनी डेटाबेसाच्या रचनेतले बदल सांभाळण्याची सोय, म्हणजे मायग्रेशन, जँगोच्या आत आणायला किकस्टार्टरवर लोकांकडे २,५०० पौंड मागितले. १७,००० हून अधिक जमले. ती सोय २ सप्टेंबर २०१४ ला १.७ मध्ये आली. आज जँगो वापरणारा कुणीही मायग्रेशनशिवाय एक दिवस काढू शकत नाही. लोक पैसे देतात, हे त्यातून दिसलं. तरी एका नव्या सोयीसाठी पैसे देणं सोपं असतं. रोजच्या झाडलोटीसाठी कोण देणार? २०१४-१५ च्या सुमारास फाउंडेशनने देणग्यांतून नेमकं तेच सुरू केलं आणि टिम ग्रॅहम पहिले पूर्णवेळ फेलो झाले. त्या पगाराला ‘नवीन काही बनवा’ अशी अट नाही. तिकिटं वाचा, पॅच तपासा, आवृत्त्या वेळेवर काढा, सुरक्षेच्या तक्रारींना उत्तरं द्या. देणगीदाराला दाखवायला यात काही चकाकत नाही. दाखवायला असते ती आठवड्याची नोंद. देखभालीच्या कामाला इतक्या उघडपणे पगार देणारं आणि त्याचा दर आठवड्याचा हिशेब चारचौघांत ठेवणारं दुसरं ठिकाण माझ्या नोकरीच्या आयुष्यात मी पाहिलेलं नाही. आपल्याकडे नवीन इमारतीची कोनशिला असते; गच्चीची गळती काढणाऱ्याचं नाव कुठे लागत नाही.

सुरक्षेच्या कामाबद्दल मात्र नोंदी गप्प असतात, आणि ते बरोबरच आहे. खोट उघड करायची ती दुरुस्तीसकट. त्यामुळे एखाद्या आठवड्याची यादी नेहमीपेक्षा आखूड दिसली की मी पुढच्या दोन-तीन आठवड्यांवर डोळा ठेवते. पुष्कळदा मागून दुरुस्ती येते, आणि ती माणसं तेव्हा कुठे गुंतली होती ते कळतं.

आठवड्यांनाही हंगाम असतात. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असं चक्र आहे. २.०, २.१, २.२ आणि मग ३.०, अशी चाल, आणि प्रत्येक फेरीतली .२ ही लांब पल्ल्याची. तिला जवळजवळ तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. अल्फा आवृत्तीच्या आधीच्या आठवड्यांत मृगाआधीच्या शेतकऱ्यासारखी लगबग दिसते, कारण अल्फानंतर नवीन काही आत घेत नाहीत. मग बेटा, मग रिलीज कँडिडेट. याद्या बारीक होत जातात, विषय क्षुल्लक वाटू लागतात: एका वाक्यातला स्वल्पविराम, चाचणीतला एक उलटा आकडा. नव्या वाचकांनी नेमके हेच आठवडे वगळू नयेत. आवृत्ती निघायला दहा दिवस असताना अनुभवी माणसं कशाला घाबरतात, ते तिथे दिसतं.

काही आठवडे टिपणांत एका ओळीत संपतात. सगळा कोड ब्लॅक या साधनाने एकसारखा करून घेतला तो २०२२ च्या फेब्रुवारीतला आठवडा तसा. हजारो ओळी बदलल्या, अर्थ एकीचाही बदलला नाही. मुख्य शाखेचं नाव मास्टरचं मेन झालं तो २०२१ चा मार्चही तसाच. २०२० मध्ये ‘कोअर टीम’ ही मानाची जागाच बंद करून मर्ज करणारे आणि आवृत्त्या काढणारे अशा साध्या कामाच्या भूमिका ठरवल्या गेल्या. त्यावर मात्र मी लांब लिहिलं आहे. मानाची खुर्ची आपण होऊन सोडणारी मंडळं आपल्या पाहण्यात थोडी.

माल्कम ट्रेडिनिक यांच्यावरचं टिपण या काळाच्या आधीच्या गोष्टींचं आहे, तरी ते घेतलं. डेटाबेसाला प्रश्न विचारण्याचा जँगोतला जो भाग आहे तो त्यांनी मुळापासून नव्याने लिहिला; २००८ च्या एप्रिलमध्ये तो मुख्य कोडमध्ये आला. २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने फाउंडेशन दर वर्षी एक सन्मान देतं, आणि तो हुशारीपेक्षा नव्या माणसाला हात देण्यासाठी असतो. नोंदी वाचताना हा स्वभाव पुढच्यांत झिरपलेला दिसतो. पहिलाच पॅच आणणाऱ्याला दिलेली उत्तरं वाचा. ‘चाचणी हवी’, ‘कागदपत्रांत नोंद हवी’, ‘सुधारणा हवी’, असे शिक्के बसतातच, पण चाचणी कुठल्या फाइलमध्ये लिहायची तेही बहुधा सांगितलेलं असतं. बदल आत गेला की कमिटच्या मजकुरात बग कळवणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे आभार नावानिशी मानलेले असतात. वाक्य भूतकाळी आणि शेवटी पूर्णविराम, हीसुद्धा तिथली शिस्त आहे. ‘अमुक दुरुस्त केलं.’ ‘तमुक जोडलं.’ माझ्या टीमच्या कमिटमध्ये मी हीच सवय लावली. सहा महिन्यांनी मागे वळून पाहताना तिचा किती उपयोग होतो, हे आता मुलं मला सांगतात.

जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून ‘एम आर’ असं लिहिलं की ॲडमिन मराठीत बोलू लागतं, जितकं भाषांतर झालेलं असेल तितकं. ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साइटवर कुणालाही त्यात भर घालता येते. रिलीज कँडिडेट आली की मजकूर गोठवला जातो आणि सगळ्या भाषांच्या भाषांतरकारांना हाक दिली जाते. या हाकेचे आठवडे मी टिपणांत मुद्दाम ठळक केले आहेत. रिकामा सोडलेला रकाना पाहून आपला मराठी माणूस काय म्हणेल? ‘हे क्षेत्र आवश्यक आहे’ हे यंत्राचं मराठी झालं. तलाठी कार्यालयातला कारकून म्हणेल, ‘हा रकाना भरा.’ ‘डिलीट’ला ‘हटवा’ म्हणायचं की ‘काढून टाका’? एक रस्त्यावरच्या पाटीवर शोभतो, दुसरा घरात. असल्या प्रश्नांवर वाद घालायला प्रोग्रामर असावं लागत नाही. मराठी शिकवणारी माणसं त्या कामात आली तर फार बरं होईल.

वाचायचं कसं, हेही सांगते. टिपणं तारखेच्या क्रमाने लावली आहेत, पण तशीच वाचायला हवीत असं नाही. तुम्ही कॉलेजात असाल तर आधी ट्रायाजची टिपणं वाचा. कामावर असाल आणि तुमचं ऑफिस अजून जुन्या आवृत्तीवर असेल, तर सुरक्षा दुरुस्त्यांची टिपणं काढा आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. प्रत्येक टिपणात तिकिटाचा नंबर दिला आहे. मूळ नोंद उघडून माझ्याशी ताडून पाहा. एखाद्या निर्णयाबद्दल मी चुकीचा अर्थ लावलेला असू शकतो, आणि तो तुम्हाला सापडला तर मला हवा आहे. शब्दांचं धोरण साधं ठेवलं: तिकीट, पॅच, रिव्ह्यू, मर्ज, जे हिंजवडीत आणि खराडीत रोज बोललं जातं तेच. ‘विलीनीकरण’ लिहिलं असतं तर माझ्या टीममधल्या कुणी पुढचं पान उलटलं नसतं. जिथे मराठी शब्द आपसूक आला, जसा ‘रकाना’, ‘तक्ता’, ‘नोंद’, तिथे तोच राहू दिला.

संग्रहातलं शेवटचं टिपण अपुरं आहे. ३७३ नंबरचं तिकीट बंद झालं तरी ५.२ मध्ये जोडओळखीच्या नोंदी ॲडमिनमध्ये लावता येत नाहीत, आणि दुसऱ्या तक्त्याला त्यांच्याकडे सरळ बोट दाखवता येत नाही. म्हणजे गाव आणि गट नंबर मिळून जमीन ओळखता येते, पण बातमीदारासाठी बांधलेल्या त्या पहिल्या खोलीत ती अजून दाखवता येत नाही. यावरच्या पुढच्या कामाच्या नोंदी मी जमवत होते. पुस्तक छापायला देण्याची वेळ आली तेव्हा टिपणाच्या शेवटच्या ओळीत एक तिकीट नंबर होता, आणि पुढे शिक्का: ‘सुधारणा हवी’. ती ओळ मी तशीच राहू दिली आहे, खाली अर्धं पान कोरं सोडून.